सपना वरठा नोटिसांवर पाळत ठेवते

सपना वरठा लहानपणापासूनच हट्टी. एकदा ‘नाय’ म्हणाली की तिच्या आईला, बायडीलाही तिला जागचं हलवता येत नसे. उमरोळी स्टेशनच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा करवंदपाडा. तिथून रोज पालघरला जाऊन सपनानं कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि बोईसरला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात ऑफिसात लागली. शिकली होती प्रोग्रॅम लिहायला, आणि टाइप करत होती ट्रकचे नंबर. पण भातकापणी उरकली की निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर जायचा. त्यांच्या मानानं पंख्याखालच्या नोकरीला नावं कशी ठेवायची?

पाड्याच्या वर एक माळ आहे. तिथं लोकांची नाचणी-वरईची तुकड्या-तुकड्यांची शेती, आणि तिथूनच पाड्याला पाणी देणारा ओहोळ निघतो. एके सकाळी काही माणसं आली आणि त्या माळावर रंगवलेले दगड पुरून गेली. चौकशी केल्यावर कळलं, औद्योगिक विस्तार मंडळ तिथं मोठा खड्डा खणून त्यात कारखान्यांचा गाळ टाकणार आहे.

पाडा पालघरला मंडळाच्या कार्यालयात गेला. तिथले साहेब वाईट वागले असं नाही. त्यांनी सगळ्यांना पाणी विचारलं. मग म्हणाले, “हरकती घ्यायची मुदत संपली. नोटीस वेबसाइटवर होती.”

बायडीनं विचारलं, “ती वेबसाइट कोनच्या पाड्यात हाय, साहेब? आमी जाऊन वाचली असती.”

खोलीत हशा पिकला. साहेबही हसले, दोन शिपाईही. बायडी गोंधळून लेकीकडे बघू लागली. सपनाची कानशिलं तापली.

“आता काय उरलंय?” तिनं विचारलं.

“जनसुनावणी. तिची तारीखही वेबसाइटवरच येईल.”

“मग मी बघते कशी येते ती,” सपना म्हणाली आणि आईचा हात धरून बाहेर पडली.

बघणं सोपं नव्हतं. त्या वेबसाइटवर नोटिसांचा नुसता ढीग. टेंडरं, बदल्या, सुट्ट्या, सगळं एकाखाली एक, कधीही टाकलेलं. पानाच्या कोपऱ्यात मात्र एक छोटी नारिंगी खूण होती. ती फीडची खूण. साइटवर काहीही नवं पडलं की त्याचं नाव, तारीख आणि ओळख-क्रमांक फीडमध्ये आपोआप जाऊन बसतो. माणसासाठी नव्हे, प्रोग्रॅमला वाचता यावं म्हणून. कॉलेजात हे तिनं परीक्षेपुरतं वाचलं होतं.

दुपारच्या सुट्टीत तिनं स्वतःचा जुना लॅपटॉप उघडला आणि फीड वाचणारी एक लायब्ररी शोधून काढली. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवलेला तयार कोड. तिला फीडचा पत्ता द्यायचा. ती प्रत्येक नोंद वाचते, तिचा ओळख-क्रमांक लक्षात ठेवते आणि पुढच्या खेपेला फक्त न पाहिलेल्या नोंदी हातात देते. त्याला सपनानं स्वतःच्या काही ओळी जोडल्या. नवी नोटीस आली की ती जपून ठेवायची आणि पाड्यातल्या सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडायचा.

अकाउंट्समधली हेतल शेजारी डबा खात बघत होती. “एवढंच?”

“एवढंच,” म्हणत सपनानं प्रोग्रॅम चालू केला.

आणि पाड्यात कल्लोळ झाला. प्रोग्रॅमनं तोवर काहीच पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्याच्या लेखी सगळंच नवं. कुणाच्या फोनवर चौकीदाराची बदली, कुणाच्या फोनवर गेल्या वर्षीची होळीची सुट्टी. फोन थांबेनात. संध्याकाळी उपसरपंच अंकुश दारात उभा.

“सपने, मंडळाला खुर्च्या घ्यायच्यात, ते मला कशाला सांगते?”

सपना ओशाळली, पण तिलाही हसू आलं. पहिल्या फेरीत नुसतं वाचून ठेवायचं, बोंब मारायची ती दुसऱ्या फेरीपासून, अशी तिनं लगेच दुरुस्ती केली. अंकुश मात्र जाईना. “हे बंदच कर. मंडळाच्या मान्सांशी माझं बोलनं झालंय. पाड्याला रस्ता देतील. उगा डिवचू नको त्यांना.”

“रस्ता द्या म्हनावं. मी नोटिसा वाचते, दादा. चोरी नाय करत.”

हे बोलणं कसं कोण जाणे बोईसरपर्यंत पोहोचलं. ज्यांचा गाळ तिथं टाकायचा होता ते कारखानेच शेठचं गिऱ्हाईक. चार दिवसांत कारखान्याच्या शेठनं तिला बोलावलं. “घरचे उद्योग ऑफिसात नकोत.”

“माझा लॅपटॉप, माझी जेवणाची सुट्टी. ऑफिसचं काय वापरते मी?”

शेठनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला गेटवर उभं केलं, आल्या-गेल्या गाड्या लिहायला. उन्हात. सपना मुकाट्यानं उभी राहिली. सुट्टी झाली की वॉचमनच्या केबिनमध्ये बसून लॅपटॉप उघडायची, सगळ्यांना दिसेल असा.

एके दिवशी निरोप वाजला. सुनावणीची नोटीस! महिनाअखेरीस, पालघरला. बायडी घरोघर फिरली. भट्ट्यांवर गेलेल्यांना फोन झाले. ते आदल्या दिवशी येतो म्हणाले. काय बोलायचं, कुणी बोलायचं, सगळं ठरलं. पाड्याला पहिल्यांदाच वाटलं, या वेळी आपण वेळेत आहोत.

सपनानं हेतलला नोटिशीची प्रिंट काढायला सांगितलं होतं. दुपारी ती कागद घेऊन गेटवर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. “सपना, तू महिनाअखेर म्हणत होतीस ना? यात तर उद्याची तारीख आहे.”

सपनानं कागद ओढून घेतला. उद्या, सकाळी. प्रोग्रॅम गप्प कसा? मग लख्ख कळलं. मंडळानं नवी नोटीस काढलीच नव्हती. जुन्या नोटिशीच्या पोटात शिरून तारीख बदलली होती. ओळख-क्रमांक तोच, म्हणून लायब्ररीच्या लेखी ती पाहिलेली नोंद. तिला नवं शोधायला सांगितलं होतं, बदललेलं शोधायला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिनं वही वॉचमनच्या हातात दिली आणि स्कूटी काढली. शेठ नेमके गेटवर आले. “आत्ता गेलीस तर उद्या येऊ नकोस.”

“उद्या तसंही जमनार नाय, शेठ. उद्या सुनावनी हाय.”

पाड्यात पोहोचताच तिनं पहिलं अंकुशचं घर गाठलं. दोन्ही तारखा त्याच्यापुढे धरल्या. अंकुशनं त्या दोनदा वाचल्या. त्याला स्वतःला मंडळाच्या माणसानं त्याच सकाळी फोनवर सांगितलं होतं, “महिनाअखेरीला भेटूच.”

“मला पन बनवला,” तो एवढंच म्हणाला आणि टेम्पोची किल्ली घेऊन उठला. भट्ट्यांवरची माणसं आणायला तो स्वतः गेला. वरच्या घरांना फोनची रेंज नव्हती. तिथं बायडीनं उतारावर उभं राहून अशा हाका मारल्या, की खालच्या पाड्यातलेही बाहेर आले.

सकाळी सभागृहात खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्यावर मोजकीच माणसं बसलेली होती, सगळी मंडळाची. कामकाज सुरू होणार एवढ्यात दारातून पाडा आत शिरला. बायका, म्हातारी, भट्टीवरून थेट आलेले, अंगावर अजून विटांची लाल धूळ असलेले. तेच साहेब टेबलामागे होते. ते उद्गारले, “तुम्हाला कसं कळलं?”

बायडी पुढे झाली. “कळू नये असं होतं का, साहेब?”

या वेळी कुणी हसलं नाही. सपनानं लॅपटॉप उघडून प्रोग्रॅमनं पहिल्यांदा टिपलेली नोटीस मोठ्यानं वाचली, मग बदललेली वाचली.

“टायपिंगची दुरुस्ती असेल,” साहेब म्हणाले.

“असेल तर तसं लिहा. आमच्यासमोर लिहा. तोवर आमी बसतो,” सपना म्हणाली.

आणि पाडा खाली फरशीवर बसला. खुर्च्या तशाच राहिल्या. चहा आला, कुणी घेतला नाही. साहेब आत गेले, फोन झाले, पुन्हा बाहेर आले. कुणी उठलं नाही. दुपार कलताना त्यांनी वाचून दाखवलं: आजची सुनावणी रद्द, नवी सुनावणी करवंदपाड्यात, शाळेच्या आवारात.

ती सुनावणी झाली. घराघरातून एकेक माणूस उठून ‘नाय’ म्हणालं. अंकुशही म्हणाला. प्रस्ताव फेरविचारासाठी परत गेला. संपला असं मात्र कुणी समजत नाही. माळावरचे रंगीत दगड अजून तिथंच आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला लोकांनी वरई पेरली आहे.

नोकरी गेली. सपना आता बोईसरला एका क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवते. मंडळानंही काही दिवसांतच ती नारिंगी खूण काढून टाकली, फीड बंद केली. हेतलनं काळजीनं फोन केला तेव्हा सपना म्हणाली, “करू दे बंद. नोटिसांचं पान तर उघडं ठेवावंच लागेल ना?” आता तिचा प्रोग्रॅम सरळ ते पानच वाचतो, आणि जुन्या नोटिशीतलं एक अक्षर जरी हललं तरी ओरडतो.

परवा मुरब्याहून मैनाबाई आल्या होत्या. त्या मासे विकतात. टोपली रिकामी करून थेट क्लासमध्येच शिरल्या. त्यांच्या किनाऱ्यावरही कुणीतरी खुणा करून गेलं होतं.

“माझ्या फोनावर पन येल का गं, असं?”

“येल. पन मी नाय करून देनार,” सपना म्हणाली. “तुमी शिकायचं. उद्या मला कुनी गप्प केलं तर?”

मैनाबाईंनी पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढून बसल्या.