कडेला कोण उभं आहे

फोटो काढायच्या ऐन वेळी कॅमेरा खाली घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आपण कॅमेरा डोळ्याला लावतो आणि बटण दाबून मोकळे होतो. फोटोकाका सगळी जुळवाजुळव झाली की कॅमेरा छातीशी आणायचे, आधी डावीकडे बघायचे, मग उजवीकडे, आणि मोठ्याने विचारायचे, "कडेला कोन हाय?" मगच कॅमेरा परत वर जायचा. समोर हसून हसून गाल दुखलेली मंडळी वैतागायची. एका लग्नात तर नवरदेवच भडकला होता. काकांवर ढिम्म परिणाम नाही.

सोलापूरला भवानी पेठेत त्यांचं कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान होतं. घर तेलुगू विणकरांचं. वडील मागावर, दोन्ही भाऊ मागावर, आणि हे एकटेच भिंगं पुसत बसलेले. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी सोलापुरी मराठी, आणि पाच वर्षांच्या पोरीपासून ऐंशीच्या आजीपर्यंत समस्त बायकांना एकच हाक, "अम्मा". मी विम्याच्या कचेरीत नोकरी करणारी, चाळिशीनंतर फोटोचं वेड लागलेली बाई. मीही अम्माच.

मी त्यांच्याकडे गेले ती फजितीच घेऊन. हौसेने एक डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा सेकंडहँड घेतला होता आणि तो वापरता येत नव्हता. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही. शेजारी काचेची एक छोटी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीत उजळ रेघांची चौकट दिसते, तेवढाच फोटो येणार असं धरून चालायचं. काकांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि लहान मूल मांडीवर घ्यावं तसा मांडीवर ठेवून तासभर मला शिकवत बसले. निघताना कपाटातून मखमली पिशवीतली एक लेन्स काढून दिली. हैदराबादच्या जावयाने परदेशातून आणलेली, दुसऱ्याच कंपनीची.

त्या लेन्समध्ये दोन नंबर होते, पस्तीस आणि एकवीस. रिंग एका टोकाला नेली की पस्तीस, दुसऱ्या टोकाला नेली की एकवीस. "मदी थांबायची सोय न्हाई," काका म्हणाले, "हिकडं न्हाईतर तिकडं." पस्तीसवर खिडकीतल्या चौकटीत दिसतं तेवढंच येतं. एकवीसवर लेन्स कितीतरी ऐसपैस बघते, पण खिडकीला त्याचा पत्ताच नसतो, ती आपली होती तेवढीच. एकवीससाठी वरून बसवायची वेगळी खिडकी मिळते, ती काकांनी कधी घेतली नाही. "दोन डोळं दिल्यात की देवानं. कॅमेरा खाली घे आन् कडंला बघ."

आणखी एक गोष्ट ते बजावायचे. लेन्स परक्या कंपनीची असल्यामुळे कॅमेऱ्याला ती कळत नाही. रिंग फिरवली की आपणच आतल्या यादीत जाऊन नंबर निवडायचा, नाहीतर फोटोच्या कडांना विचित्र रंग चढतो. काका त्याला ओळख करून देणं म्हणायचे. "परक्या घरची हाय ती. कॅमेरा तिला वळखत न्हाई. तू वळख करून दे." मला ते इतकं आवडलं, की मी कधीही विसरले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं.

अक्कलकोटला एकदा आमच्या कचेरीतल्या मंडळींचा फोटो काढताना त्यांनी सगळ्यांना तिष्ठत ठेवलं. कडेला एक फुलवाली बसली होती. काका तिच्याजवळ जाऊन मोडक्या कानडीत काहीतरी बोलले. तिने केस सारखे केले, पदर घेतला, मग फोटो. आमचे साहेब म्हणाले, "काका, ती कडेला आहे हो, तिच्याकडे कोण बघतंय?"

"ती बघतीय की," काका म्हणाले.

आता मूळ गोष्टीवर येते. येववत नाही, म्हणून इतकं लांबण लावलं.

मला चिंचोळी एमआयडीसीतल्या बायकांचे फोटो काढायचे होते. काकांच्या गल्लीतली सुनंदा तिथे टॉवेलच्या कारखान्यात कामाला होती. काकांनी तिला सांगितलं, "आपली पोरगी हाय, नीट वागंल." त्या शब्दावर सुनंदाने मुकादमाला गळ घातली आणि मला आत घेतलं. जेवणाच्या सुट्टीत बायका अंगणात गोल करून बसल्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, हसणं-खिदळणं. सुनंदा तेवढी डावीकडच्या नळावर गेली.

"ताई, मला नगं घिऊ हां," ती जाताना म्हणाली. "पोरीचं बघायचं चाललंय. मोहोळचं पाव्हनं येऊन गेल्यात."

तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत कोड होतं. उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचं पोलकं घालायची. कोड कुणाला लागत नाही, त्याने माणूस उणा होत नाही, हे मी चारचौघांत ठणकावून सांगितलं असतं. सोयरीक जुळवताना लोक काय बघतात हेही मला पक्कं ठाऊक होतं.

"तुम्ही चौकटीत नाहीच," मी म्हटलं. लेन्स पस्तीसवर होती, तेव्हा ते खरं होतं.

मग मी काकांनी शिकवल्याप्रमाणे कॅमेरा खाली घेतला आणि कडेला बघितलं. सुनंदाने बाह्या वर सारल्या होत्या. नळाच्या धारेखाली ते हात, त्यावर दुपारचं ऊन, आणि चेहऱ्यावर, आपल्याला कुणी बघत नाही असं वाटणाऱ्या माणसाची निवांत शांतता. मी रिंग एकवीसवर नेली. यादीत जाऊन एकवीस निवडलं. शहाण्यासारखी ओळख करून दिली आणि बटण दाबलं.

दोन महिन्यांनी गावातल्या एका सभागृहात आम्हा हौशी बायकांचं प्रदर्शन भरलं. माझ्या फोटोपुढे गर्दी. "ती कडेची बाई म्हणजे या फोटोचा जीव आहे," असं लोक म्हणत होते आणि मी मान तिरकी करून नम्रपणे हसत होते. कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. तो या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरत मोहोळला पोचला. पाहुण्यांनी निरोप धाडला, आधी सांगायला पाहिजे होतं. पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडलं.

काका माझ्या घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. "मूळ फाईल दाव," म्हणाले. मी कॉम्प्युटर लावला. ते चष्मा कपाळावर ढकलून पडद्याला नाक लावून बराच वेळ बघत बसले. मला वाटलं, सुनंदाचे हात बघताहेत.

"कसं झालं गं, अम्मा?"

"मला वाटलं पस्तीसवरच आहे," मी म्हटलं. "रिंग ढिली झालीय, चुकून फिरली असेल. खिडकीत ती दिसलीच नाही हो."

"आसंल," काका म्हणाले. "चल."

सुनंदाच्या घरात आम्ही चटईवर बसलो. आतल्या खोलीत पोरगी होती, ती बाहेर आली नाही. मी तोंड उघडायच्या आत काकांनी हात जोडले. त्या माणसाला मी कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. "सुनंदा, लेन्सची रिंग ढिली हुती. हिला पस्तीस वाटलं. लेन्स माझी हाय, चूक माझी हाय." सुनंदा रडली, मग डोळे पुसून तिने चहा टाकला. मी तो चहा प्यायले. सगळा प्यायले.

जिना उतरताना काका पुढे होते. मागे न बघताच म्हणाले, "वळख बराबर करून दिलीस की, अम्मा. एकवीसची."

तेव्हा मला कळलं ते पडद्यावर काय वाचत होते. फोटोशेजारी बारीक अक्षरात तारीख असते, वेळ असते, आणि आपणच आपल्या हाताने निवडलेला लेन्सचा नंबर असतो.

त्यानंतर त्या विषयावर ते अवाक्षर बोलले नाहीत. मी दुकानात जात राहिले, ते चहा मागवत राहिले, फक्त माझे फोटो बघायला मागेनासे झाले. एकदा मी लेन्स परत द्यायला गेले, तर म्हणाले, "ठिव तुलाच. ढिली लेन्स मी कुनाला देऊ?" त्या वेळी जमिनीने मला पोटात घेतलं असतं तर मी आभार मानले असते. पुढे तब्येत ढासळली म्हणून मुलगी त्यांना हैदराबादला घेऊन गेली. निघताना रिक्षात बसल्यावर त्यांनी सवयीने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. उजवीकडे मी उभी होते. मला बोलायचं होतं. मी हात हलवला. वर्षाच्या आत ते गेल्याचा फोन आला.

सुनंदाच्या मुलीचं नंतर लग्न झालं, चांगलं झालं, पण त्यात माझा काही हातभार नाही. सुनंदा मला मंडईत भेटते. आता ती आखूड बाह्यांचं पोलकं घालते. "समद्यांनी बघितलंय, आता काय झाकायचं?" म्हणून हसते. दर वेळी काकांची आठवण काढते आणि दर वेळी म्हणते, "लई देवमानूस. लेन्स तेवढी खराब निगाली बगा त्यांची." आणि दर वेळी मी म्हणते, "हो ना."

परवा ती मेथीची जुडी निवडत होती. पुन्हा तेच म्हणाली. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "लेन्स चांगली होती. रिंग मी फिरवली. नळावर तुम्हाला बघितलं, आणि मग फिरवली."

तिचे हात थांबले. मेथीवाली वाट बघत होती.

"काकांना ठावं हुतं?"

"हो. पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. तिने जुडी ढिगावर परत ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.