डाव्या गालाचा दस्ता

माझा मेहुणा अर्वो निएमी तांब्याच्या खाणीत तीस वर्षं राबला आणि त्या तीस वर्षांत तीसेक वाक्यं बोलला असेल. माझी बहीण आयली त्याच्याबरोबर कसे दिवस काढते, हे मला कोडंच होतं. त्यांचा मुलगा वेइको व्हिएतनामच्या लढाईवर गेला त्या हिवाळ्यात अर्वोने हार्डवेअरच्या दुकानात पिंपात विकायला ठेवलेली एक जुनी लष्करी रायफल विकत घेतली. पोरगा परत आला की हरणांच्या शिकारीच्या पहिल्या दिवशी बापलेकांनी रानात जायचं, आणि ही रायफल त्याची.

गंजू नये म्हणून लष्करी माल ग्रीसने बरबटलेला असतो. हा पठ्ठ्या ती रायफल सरळ सौनात, घरच्या वाफेच्या न्हाणीत, घेऊन बसला. वाफेने लाकडातून काळं ग्रीस बाकभर ओघळलं. शनिवारी आयली नेमकी त्यावरच बसली.

"अरे, सौनात चर्चमध्ये बसतात तसं बसायचं असतं, आणि तू बंदुकीला आंघोळ घालतोस?"

"घाम काढत होतो," अर्वो म्हणाला.

मग त्याने रायफलीचा तो जड लाकडी दस्ता काढून टाकला आणि अक्रोडाचा ठोकळा आणला. मापाला वेइकोचा जुना कोट खिळ्यावर टांगलेला. कानशीने घासून घासून नेम धरताना टेकायच्या उजव्या गालासाठी उंचवटा काढला, वर जवसाचं तेल तळहाताने चोळलं. मार्चमध्ये काम संपलं. एप्रिलमध्ये पत्र आलं, वेइकोचा उजवा डोळा गेला.

अर्वोने पत्राची घडी घातली, दस्ता चुलीत सारला आणि दुसरा ठोकळा आणायला गेला. आता सगळं उलट, डावा खांदा, डावा गाल. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी रोज जाऊन त्याच्या कामाच्या बाकाशेजारी बसायचो, कॉफी प्यायचो आणि घरी यायचो.

वेइको सप्टेंबरात आला. त्याने रायफल खांद्याला लावली. गाल नेमका बसला, डोळा थेट नेमाच्या रेषेत.

"झकास झालीय, बाबा," तो म्हणाला आणि रायफल हळूच बाकावर ठेवली. "पण मी नाही येणार. तुम्ही जा."

"बरं," अर्वो म्हणाला.

शिकारीच्या पहिल्या दिवशी, पंधरा नोव्हेंबरला, अर्वो एकटाच गेला, तीच रायफल घेऊन. तो उजव्या हाताचा, त्याच्या खांद्याला ती धड लागेना. समोरचं हरण निसटलं. पुढल्या वर्षीही तेच. वेइको वरच्या खोलीत असायचा, जेवायला खाली यायचा.

सहा वर्षं हा तमाशा पाहिला आणि माझं डोकं फिरलं. "अरे, किती हट्ट करशील? एक उजवा दस्ता बसव की! दोन आठवड्यांचं तर काम!"

"नको," तो म्हणाला. "मग ती माझी होईल."