रस्त्यातली मोळी

मोटारीचा भोंगा ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. घरातली म्हणतात, म्हातारी चिडकी आहे. आहेच.

त्या काळी महाडहून पोलादपूरमार्गे वर घाटात उतारूंची एक सर्विस मोटार जायची. मालक स्वतःच चालवायचा. पोलादपूरच्या बाजारातून तो अशी मोटार काढायचा, जणू रस्ता त्याला आंदण दिलेला. भोंगा दाबला की माणसांनी गटारात उड्या मारायच्या. शाळेचे मास्तर एकदा सायकलीसकट गटारात गेले आणि धोतर झटकून मुकाट्याने शाळेत गेले. मला त्यांचाही राग आला.

आम्ही वाडीतल्या बाया डोंगर उतरून लाकडाच्या मोळ्या विकायला यायचो. डोक्यावर मोळी असली की मान वळत नाही. म्हणून मोकळ्या माणसाने बाजूला व्हायचं, ही आमच्याकडची रीत. आणि ज्याच्यामुळे मोळी खाली टाकावी लागली, त्यानेच ती परत डोक्यावर चढवून द्यायची, कारण एकटीला ती उचलून घेता येत नाही. गाडीवानसुद्धा हे पाळायचे.

एका बाजाराला पोलादपुरातल्या वळणावर माझी थोरली जाऊ पुढे चालत होती आणि मागून मोटार आली. भोंगा वाजला. तिने वळायचं कसं? धक्का बसून ती मोळीसकट पडली आणि तिचं कंबरडं मोडलं. मालक खाली उतरलासुद्धा नाही. भोंगा ऐकू येत नाही का, एवढं विचारून निघून गेला. तिला आम्ही झोळीत घालून वाडीवर नेलं. मोळी मात्र त्या वळणावर एका दुकानाच्या कडेला पडून राहिली.

पुढच्या बाजाराला सासू म्हणाली, जाऊ नका, उद्या दुसरी पडेल. न जाऊन भागणार नव्हतं. गेलो, पण रस्त्याच्या मधून गेलो. वळणावर मागून भोंगा वाजायला लागला, तशा आम्ही सगळ्यांनी मोळ्या रस्त्यातच टाकल्या. थोरलीची मोळीही ओढून मध्ये आणली.

मालक शिव्या देतच उतरला. मी म्हटलं, "तुमच्यापायी उतरवल्या, शेट. आता चढवून द्या."

मोटारीत मुंबईहून आलेले आमच्याच खोऱ्यातले चाकरमानी होते. रीत त्यांना ठाऊक होती. ते खाली उतरले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. शेवटी त्याने एकेक मोळी उचलून आमच्या डोक्यावर दिली. त्याचा पांढरा सदरा मातीने माखला, आणि मला फार बरं वाटलं.

एक मोळी उरली.

"ही कुणाची?"

"माझ्या जावेची. ती आता उभी राहत नाय. तिच्या डोक्यावर कशी देताव, सांगा."

त्याने ती बाजूला सारायला हात घातला. आम्ही कोणी हललो नाही. त्याने हात मागे घेतला आणि मोटार कडेकडेने, बैलाच्या चालीने काढली.

मोळी तिथेच राहिली; जिची तिच्या डोक्यावर चढल्याशिवाय ती कोणी हलवीना. तिला वळसा घालताना मोटारीला दर खेपेस हळू व्हावंच लागायचं, आणि पायी चालणारे, सायकलवाले मास्तरसुद्धा, निवांत जायचे. लाकडं कुजली की आम्ही नवी टाकायचो.

जाऊ अंथरुणातून उठली नाही. मी बाजाराहून आले की ती भिंतीकडे तोंड करूनच विचारायची, "माजी मोळी हाय ना गो तिथं?"

"हाय," मी म्हणायचे.