कानाने पाहिलेली शाळा

चहा आधी पिऊन घ्या, मग सांगतो. या किश्श्यापायी आजवर तिघांना ठसका लागलाय आणि त्यातल्या दोघांची पाठ मलाच थोपटावी लागली. आपल्याच मूर्खपणावर दुसरा हसतोय आणि आपण त्याची पाठ थोपटतोय, हे किती जड जातं ते काय सांगू तुम्हाला!

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही आसेगावचे, ज्वारी-कपाशीवाले. गावची शाळा चौथीपर्यंत. माझी कमल चौथीत होती आणि पहिला नंबर तिने कधी सोडला नव्हता. घरात पंचाईत सुरू झाली ती तिथूनच. पुढे काय?

माझे वडील, आबाजी, त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "कारंज्याहून स्थळ आलं हाय. घर चांगलं हाय. आता हो म्हनतो, चार सालानं बार उडवू."

माझी बायको गिरजा चुलीपाशी बसली होती. तिने भाकरी थापायची थांबवली. "पोट्टी शिकन. मी तिले घेऊन वाशीमले राहीन," ती म्हणाली. आबाजींसमोर ती पहिल्यांदाच एवढं बोलली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे बघून काय होणार? मी स्वतः दुसरीतून उठलेलो.

शेवटी आबाजी म्हणाले, "नारायण, तू जाऊन चांगली शाळा पाय. तिच्या बाजूले खोली घे. मी सोता येऊन पाहीन. शाळा चांगली निंगाली तर कारंज्याले नकार कळवतो. नाई निंगाली तर बोलायचं नाई."

म्हणजे कमलचं सगळं माझ्या पारखीवर आलं. तुम्ही म्हणाल, वाशीम ते काय मोठं? अहो, आसेगावच्या माणसाला विचारा. रेल्वे तिथे, कोर्ट तिथे, गल्लीला गल्ली लागलेली. मोटारीतून उतरलो आणि पहिला अर्धा तास मी एकाच पिंपळाला तीन वेळा भेटलो.

आता चांगली शाळा ओळखायची कशी? आमच्या गावात त्याची एक रीत होती. शाळा गावाच्या टोकाला, शेतं तिला लागून. वखर हाकताना पाढ्यांचा आवाज आला की समजायचं, मास्तर आले. आवाज मोठा असला की मास्तर जोरात आहेत. आवाज नाही, म्हणजे मास्तर बाजाराला गेले. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही शाळा कानानेच पाहिलेली. आत जाऊन कुणी बघितलं होतं?

तर मी कान देत फिरायला लागलो. उन्हाळ्याचे दिवस, सकाळची शाळा. एका गल्लीच्या तोंडाशी मोठी इमारत दिसली. कडुनिंबाची सावली, खिडकीतून वेण्या घातलेल्या पोरींच्या खाली घातलेल्या माना. पण आवाज? चिडीचूप. दारात चष्मा लावलेल्या एक बाई उभ्या होत्या.

"बाई, आज मास्तर आले नाईत काय?"

"मीच इथली हेडबाई. काय काम आहे?"

"पोरी गप्प बसून राह्यल्या, म्हनून इचारलं."

"वाचताहेत त्या."

"आवाज नाई येत."

"वाचायला आवाज कशाला लागतो?"

मला त्या बाईंची दया आली. म्हटलं, "असू द्या. होते असं एखाद्या दिवशी." आणि पुढे निघालो. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं, चूक पकडली म्हणून ओशाळल्या.

दोन गल्ल्या पलीकडे गेलो आणि पाय जागेवर थांबले. एका उंच भिंतीआडून दणदणीत आवाज येत होता. "शहात्तर! सत्त्याहत्तर! अठ्ठ्याहत्तर! एकोणऐंशी!"

एकोणऐंशी! आमच्या गावची पोरं एकोणऐंशीला हमखास गटांगळी खायची. इथे एकजण अडखळला नाही. शंभर झाले, दोनशे झाले, आकडे पुढेच. मधूनच चाट-चाट असे फटके. म्हटलं, छडीही चालते, शिस्त आहे. मधूनच काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज. म्हटलं, कुणाला तरी बाकावरून खाली उतरवलं.

दार ठोठावलं. धोतर नेसलेला, खांद्यावर पंचा टाकलेला एक भरदार माणूस बाहेर आला. दोन्ही कान चुरगाळलेले. मी मनात हात जोडले. लहानपणी गुरुजींनी एवढे कान पिळलेत म्हणजे माणूस किती शिकलेला असेल!

"गुरुजी, लेकराले तुमच्याकडे घालायचं हाय."

"घाला ना. वय?"

"दहा."

"बेस वय हाय. हाडं कवळी असतात. दूध किती पेते?"

मी गोंधळलो. पण शहरातली शाळा, विचारत असतील. "सकाळी पेलाभर."

"पेल्यानं काय होते? शेरभर पायजे. बदाम?"

"आमच्याकडे आजाऱ्याले देतात."

"इथं रोज लागन. पहाटं उठते काय?"

"कोंबड्याच्या आधी. गुरुजी, परीक्षा कवा असते?"

"नागपंचमीले. साऱ्या गावासमोर."

"अन् नापास झालं तर?"

"पाठ टेकली की खेळ खलास. पुढच्या साली पुन्हा यायचं."

परीक्षेत पाठ टेकते? हे काही डोक्यात शिरेना. आमच्याकडे पोरं परीक्षेत डोकं टेकत, इथे पाठ टेकत असतील, असं म्हणून मी सोडून दिलं. विचारलं तर खेडवळ ठरेन, ही भीती. त्यांनी वही काढली, घरच्या माणसाचं नाव विचारलं. मी ऐटीत माझं सांगितलं. मग कोनाड्यातल्या मारुतीपुढे नारळ फोडला. त्याच गल्लीत, त्याच भिंतीला लागून खोली ठरवली आणि गावी जाऊन आठ दिवस नुसती त्या शाळेची तारीफ केली. बदामाचं तेवढं बोललो नाही.

मृग लागायच्या वेळी बैलगाडीतून बिऱ्हाड घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाने कमलच्या दोन वेण्या घातल्या, हातात पाटी दिली. शेजारी आकडे सुरूच होते. "ऐक," मी गिरजाला म्हणालो. तिनेही मान डोलावली. आम्ही तिघे त्या दाराशी उभे राहिलो.

दार उघडलं. आतून लंगोट लावलेले, अंगभर तांबडी माती माखलेले दहा-बारा पहिलवान बाहेर आले. गिरजाने एका हाताने स्वतःचे आणि दुसऱ्या हाताने कमलचे डोळे झाकले.

"या," माझे गुरुजी, म्हणजे त्या आखाड्याचे उस्ताद, म्हणाले. "लेकरू कुठं हाय?"

मी कमलकडे बोट दाखवलं. उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय हाय, अवो?" गिरजा डोळे झाकूनच विचारत होती. "तुमी शाळा पाह्यली होती ना?"

"ऐकली होती," मी म्हणालो.

मग गिरजा जे बोलली ते राहू द्या. त्या दिवशी मला खरंच भीती वाटली. आबाजी येणार, आखाडा बघणार आणि कारंज्याला होकार जाणार. माझ्या कानांपायी पोरीचं आयुष्य जाणार. उस्ताद मात्र भला माणूस. म्हणाले, "पोरीइची शाळा पायजे ना? दोन गल्ल्या सोडून हाय. कडुनिंबाखाली. जिल्ह्यात तशी शाळा नाई."

कडुनिंब म्हटल्याबरोबर मी गिरजाच्या मागे जाऊन चालायला लागलो.

हेडबाई दारातच होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला. "आज आवाज आला का?"

मी खाली बघितलं. त्यांनी कमलच्या हातात एक पुस्तक दिलं. ती वाचायला लागली. मी कान टवकारले. काही नाही. ओठसुद्धा हलत नव्हते. "कमल, काहून गप्प झाली? वाच ना."

"वाचून राह्यली, बाबा," ती म्हणाली आणि पान उलटलं.

बाईंनी विचारलं तेव्हा तिने सगळी गोष्ट घडाघडा सांगितली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोर घरात कोपऱ्यात बसायची तेव्हा मला वाटे, रुसली असेल. ती वाचत होती. मला ऐकूच आलं नव्हतं.

कमलचं नाव पाचवीत लागलं. पण संध्याकाळी उस्ताद खोलीवर आले. "वहीतलं नाव खोडता येत नाई. मारुतीपुढं नारळ फुटला हाय."

"पन पोट्टी कशी येईन?"

"वहीत तुमचंच नाव हाय," ते म्हणाले.

पेरणी आबाजींवर सोपवून मी वाशीमलाच राहिलो. तर मंडळी, तिशी उलटलेली, पोट सुटलेलं, आणि मी रोज पहाटे आखाड्यात बैठका मोजतोय. गिरजाने उशिरा उठू दिलं नाही. तिचा राग उतरायला तेवढाच मार्ग होता.

श्रावणात एका सकाळी न कळवता आबाजी आले. मी आखाड्यात होतो. अंग धुऊन, तांबडी माती काढून घरी आलो, तर ते खाटेवर प्रसन्न बसलेले. कमल शाळेत गेली होती.

"मी गल्लीत उभा राहून ऐकलं," ते म्हणाले. "वा! याले म्हनतात शाळा. कारंज्याले नकार कळवतो."

गिरजाने चहाची बशी तोंडाला लावली होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"पन एक सांगतो," आबाजी पुढे म्हणाले. "त्याइच्यातलं एक पोट्टं लई कच्चं हाय. तीस म्हनता म्हनता त्याचा दम तुटते, अन् चाळीसले तर रडते. मास्तरले सांग, त्याले घरी पाठव. त्याचं काई शिक्षनाचं डोकं नाई."

पहिला ठसका लागला तो गिरजाला. उठून तिची पाठ थोपटायला गेलो, पण मांड्या इतक्या भरल्या होत्या की मला उठताच येईना.