स्वेटरवालीचा बर्फ

दिवाळी आटोपली की धुळ्यात स्वेटरवाले येतात. बांबू रोवून कापडी दुकानं लावतात, थंडी सरली की हिमाचलला परत जातात. त्यांतल्या एका बाईशी माझं छान जमलंय. मला अक्का म्हणते. डोंगरात तिच्या सासऱ्यांनी (ती त्यांना बाबूजी म्हणते) लावलेली सफरचंदाची बाग आहे.

मला एक खोड आहे, तीही सांगते. माझी शाळा चौथीत सुटली, पण भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाच्या खाड्यांशेजारी मी पाऊस लिहिते. पडला, नाही पडला, सोनगीरच्या शेतात बाजरी कशी आली, एवढंच. स्वेटरवाली आली की तिच्या गावचा बर्फही विचारून लिहिते. जुनी कॅलेंडरं टाकत नाही.

गेल्या हिवाळ्यात ती आली तीच तोंड पाडून. "अक्का, दो साल बर्फ नाही. झाडाला थंडी मिळत नाही, फूल धरत नाही. घरवाला म्हणतो, या साली पण नाही पडला तर बाग काटून टाकू."

घरी येऊन मी कॅलेंडरं पसरली. मोबाइलवर वाचलं होतं, लांबच्या प्रशांत महासागराचं पाणी तापलं की आपला पाऊस रुसतो, आणि त्याच वर्षी हिवाळ्यात त्या डोंगरांत बर्फ बहुतेक वेळा बरा पडतो. नोंदी जुळवल्या तर खरंच! पूर्वी आमची बाजरी करपली ती दोन वर्षं, तिच्याकडे गुडघाभर बर्फ.

आणि त्या सालीही बाजरी करपलीच होती.

"आपली बाजरी गयी, नि तुले तिना बर्फनी पडी शे!" आमचे हे करवादले.

मी कॅलेंडरं पिशवीत घालून तिच्या दुकानात गेले. म्हटलं, झाडांना हात लावू नका, बर्फ येतोय. तिनं विचारलं, "म्हणजे तुमचं पीक गेलं म्हणून मी खूश होऊ?"

"हो. कुणीतरी व्हावं की."

तिनं लगेच नवऱ्याला फोन लावला. मी मात्र घरी येऊन पुढचं वाचलं नि गारच पडले. समुद्राचे वीस-तीस वर्षांचे मोठे हेलकावेही असतात म्हणे. त्यांत हे जुळणं कधी घट्ट होतं, कधी सुटतं. वर हवा तापतेय ती वेगळीच. माझ्याच एका कॅलेंडरात दोन्हीकडे कोरडं होतं, ते मी घाईत उलटून गेले होते.

परत जाऊन कबूल केलं. "माझ्या शब्दावर बाग ठेवू नको गं."

"शब्दावर नाही ठेवली. पण तुमच्या कॅलेंडरामुळे घरवाला फेब्रुवारीपर्यंत थांबतो म्हणाला."

जानेवारी कोरडा गेला. मी तिच्या दुकानावरून जायचंच टाळत होते. मग ती गाठोडी बांधत असताना एका सकाळी तिचा फोन आला, "अक्का, या!" तिच्या मोबाइलवर बागेचा व्हिडिओ होता. फांद्यांवर पांढरं, नवऱ्याचे बूट घोट्यापर्यंत बुडलेले.

"खालच्या झाडांना एवढा बर्फ पुरत नाही, ती जातील," ती म्हणाली. "वरची बाबूजींची ओळ ठेवायची, ठरलं."

घरी येऊन मी लिहिलं: बर्फ, घोट्याएवढा. हे मागे उभे राहून वाचत होते.

"बस, इतलाच?" हे म्हणाले. आवाज चक्क पडलेला होता.