एक्स-रे खोलीतली भरलेली डिस्क

सकाळी सात वाजून बावीस मिनिटं. एक्स-रे विभागाच्या आतल्या खोलीत ती स्टुलावर बसून पडद्यावरचे आकडे वहीत उतरवत होती. शिल्लक जागा अर्धा जीबी. गेल्या सोमवारी, जुने एक्स-रे पुसल्यावर, साडेबारा होती. म्हणजे आठवड्यात बारा जीबी गायब. त्यातले दोन रुग्णांच्या एक्स-रेंनी घेतले होते, उरलेले दहा कॉम्प्युटरच्या स्वतःच्या सिस्टीमने.

रुग्णालयात तिला कॉम्प्युटरवाली म्हणतात. वय एकेचाळीस. चार मजले, त्रेपन्न कॉम्प्युटर आणि ती एकटी. नेमणूक कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी अधीक्षकांची नवी सही लागते. ती याच आठवड्यात व्हायची होती. त्याऐवजी शनिवारी तिच्या हातात पत्र पडलं: एक्स-रे विभागाच्या कॉम्प्युटरमधली जागा कशाने भरली, याचा लेखी खुलासा सोमवारी दुपारी चारपर्यंत द्यावा, अन्यथा कंत्राटाचा विचार होणार नाही.

पत्राला कारण होतं. गेल्या सोमवारी रुग्ण टेबलावर असताना पडद्यावर 'जागा शिल्लक नाही' असं आलं. विभागातल्या एक्स-रे तंत्रज्ञाने आधीच्या दीड महिन्याचे सगळे एक्स-रे पुसून टाकले आणि काम पुढे रेटलं. त्यात एका बाईच्या खुब्याचा एक्स-रे होता. चार दिवसांनी सर्जनने तो तुलनेसाठी मागितला. दुसरी प्रत कुठेच नव्हती. तंत्रज्ञ अधीक्षकांना म्हणाला, "डिस्क तिच्या ताब्यात. भरली कशी, तिला विचारा."

साडेसातला तोच तंत्रज्ञ आत आला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, डबा हातात.

"सापडले का तुझे सिनेमे?"

"माझं इथे काही नाही. वाढलंय ते सिस्टीमचं."

"सिस्टीमला दिवस गेलेत का, रोज फुगायला?"

"नवे भाग येत राहतात. नवा भाग बिघडला तर मागे फिरता यावं म्हणून जुनाही ठेवते. शिवाय काय केलं, काय फसलं, त्याची नोंद."

"म्हणजे माझी सासू. काही टाकायचं नाही आणि वर सगळ्याचा हिशोब."

"तुम्ही पुसलंत ते रुग्णांचं होतं. हे नव्हतं."

तंत्रज्ञाने डबा कपाटात ठेवला आणि कपाट जरा जोरात लावलं. "मग मी काय टेबलावरच्या माणसाला सांगायचं होतं, थांब बाबा, बाई येतेय?"

सिस्टीम थोडी वाढतेच, हे खरं. सगळ्याच कॉम्प्युटरांत वाढते. पण बाकीचे बावन्न वर्षात जेवढे वाढले, त्यापेक्षा जास्त हा महिन्याभरात फुगला होता. तिच्या वहीत पाच आठवड्यांपूर्वीचा आकडा चौतीस जीबी होता, आता एक्याऐंशी. तिने तात्पुरत्या फायली काढून आठच्या रुग्णापुरती चार जीबी जागा केली आणि सिस्टीमची नोंद उघडली.

तिथे एकच ओळ पुन्हापुन्हा होती: कॉम्प्युटर अचानक बंद पडला. दोन चौतीस. दोन छत्तीस. दोन तेहतीस. कामाचे तीस दिवस, तीस वेळा. आणि दर वेळी त्याच्या आधी, अपडेट सुरू. विभाग अडीचला बंद होतो. कॉम्प्युटर मोकळा झाला की अपडेट बसवायला घेतो, पाच मिनिटांत वीज जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अर्धवट बसलेलं मागे घेतो, फसल्याची नोंद लिहितो, आणि दुपारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. अर्धवटाचं गाठोडं तेवढं रोज मागे राहतं.

वीज कोण घालवतं, ते शोधावं लागलं नाही. बाहेरच्या भिंतीवर मेन स्विचची पेटी आहे. तीन वर्षांपूर्वी या विभागात पंखा जळाला, तेव्हापासून लेखी आदेश आहे: शेवटी निघणाऱ्याने मेन बंद करावा. शेवटी निघते ती नोंदणीच्या खिडकीवरची कारकून. पेटीची किल्ली तिच्याच गळ्यात असते. ही कारकून म्हणजे कॉम्प्युटरवालीची थोरली नणंद. दोघी एकाच घरात, तीन खोल्यांत राहतात.

पण पूर्वी मेन बंद होण्याआधी तंत्रज्ञ कॉम्प्युटर रीतसर बंद करायचा. पाच आठवड्यांपूर्वी त्याने ते सोडलं, कारण पडद्याच्या कडेला एक छापील कागद चिकटला होता: अपडेट चालू असताना कॉम्प्युटर बंद करू नये. खाली सही कॉम्प्युटरवालीची.

दहा वाजता ती खिडकीशी गेली. रांगेत चौघं होते.

"ताई, मेन किती वाजता ओढता?"

"अडीचला. का, घड्याळ लावायचंय?"

"आत कॉम्प्युटर चालू असतो तेव्हा."

"आत काय चालतं ते बघायला मला पगार नाही. विभाग बंद करायचा आदेश आहे, मी करते. तुझ्या डब्याला आदेश कळत नाही, त्यात माझा काय दोष?"

"खुलाशात लिहावं लागेल."

नणंदेने पुढच्या रुग्णाचा कागद घेतला, शिक्का मारला, परत दिला. मग मान वर न करता म्हणाली, "लिही ना. इथे जागा निघालीय हे तुला कोणी सांगितलं, तेही लिही. कोपराने खणायची सवयच आहे तुला."

"मुलाखत मी दिली होती."

"हो, आणि आता माझ्याविरुद्ध साक्ष देणार."

बारा वाजता नवऱ्याचा फोन आला. तो गाड्यांच्या गॅरेजात रंगकाम करतो. त्या वेळेला कधी फोन करत नाही.

"ताईचं नाव नको घालूस. तिची बढती अडकेल."

"आणि माझं कंत्राट?"

"तुला दुसरीकडे मिळेल. तू हुशार आहेस."

"म्हणजे हुशार आहे म्हणून मी जायचं."

"तसं नाही म्हणालो मी."

"मग कसं म्हणालात, ते एकदा सांगा. मी तेही लिहून घेते."

त्याने फोन ठेवला.

तिने खुलासा सात ओळींत लिहिला. नाव कोणाचंच घातलं नाही, हुद्दे घातले. नोंदणी कारकून आदेशाप्रमाणे मेन बंद करतात. तंत्रज्ञ सूचनेप्रमाणे कॉम्प्युटर चालू ठेवतात. सूचना माझी आहे. लावताना मी मेनच्या आदेशाची चौकशी केली नाही. ही शेवटची ओळ तिने दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा ठेवली. सोबत तीस तारखा आणि वेळा जोडल्या.

अधीक्षकांनी पावणेचारला तो उभ्यानेच वाचला.

"म्हणजे सगळ्यांनी नियम पाळले म्हणून डिस्क भरली?"

"हो."

"हे मी वर पाठवलं तर मला हसतील."

"मग दुसरं काही पाठवा. त्यावर माझी सही नसेल."

त्यांनी नणंदेला बोलावलं. ती दारातच थांबली. "साहेब, ही घरची भांडणं इथे आणते."

"घर तुमचं आहे, स्विच माझा आहे." त्यांनी तारखांचा कागद तिच्यापुढे सरकवला. "रोज अडीचनंतर मेन तुम्हीच ओढता ना?"

"ओढते. आदेशाची प्रत आहे माझ्याकडे."

"आत काही चालू आहे का, कधी विचारलंत?"

"मला कोणी विचारायला सांगितलं नाही."

"आणि यांना कोणी स्विचचं सांगितलं नाही," अधीक्षक कॉम्प्युटरवालीकडे बघत म्हणाले. "शोभता दोघी एका घरात."

कोणी हसलं नाही. कॉम्प्युटरवालीने कंत्राटाच्या सहीचं विचारलं. अधीक्षक म्हणाले, आधी तो अपडेट पूर्ण झालेला दिसू दे. पुसलेल्या एक्स-रेबद्दल तंत्रज्ञाला वेगळं पत्र गेलं. त्या बाईच्या खुब्याचा जुना एक्स-रे काही परत आला नाही. सर्जनने नवीन काढायला सांगितलं.

साडेचारला विभागाच्या फळ्यावर आदेश लागला. उद्या, मंगळवारी, दुपारी अडीच ते साडेचार एक्स-रे विभागाचा मेन स्विच चालू राहील. अपडेट पूर्ण होईपर्यंत कॉम्प्युटर देखभाल कर्मचारी आणि नोंदणी कारकून, दोघींनी आतल्या खोलीत थांबायचं आहे. मेन नोंदणी कारकून बंद करतील, पण देखभाल कर्मचाऱ्याने नोंदवहीत सही केल्यानंतरच.