मांडणी हलवणारी आई

शाळेतली मुलं त्यांना चित्रकलेच्या बाई म्हणत, आणि घरात आई चिडली की तीही तेच म्हणायची. "आल्या चित्रकलेच्या बाई! कांदे चिरायचे सोडून त्यांची चित्रं काढतात."

बाईंची पद्धत मोठी चिवट. मागच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर वर्तमानपत्र पसरून कांदे, काचेची वाटी आणि सुरी, अशी मांडणी. जागा चुकायला नको म्हणून प्रत्येक वस्तूभोवती खडूची रेघ. आधी जलरंगाचा पातळ हात, तो वाळला की रंगीत पेन्सिलीने सालीच्या शिरा, मग पेस्टलची भुकटी बोटाने चोळायची. वर्तमानपत्र मात्र रंगवायचं नाही. खराखुरा तुकडा चिकटवून त्यावर कांद्याची सावली टाकायची. चमकेचा पांढरा ठिपका अगदी शेवटी. समोर आहे तेच काढायचं, आठवणीतलं काही नाही, हा त्यांचा हट्ट.

आईची आठवण विरत चालली होती, पण हाताची सवय शाबूत होती. टेबल दिसलं की आवरायचं. बाई शाळेतून येत तर कांदे टोपलीत आणि सुरी धुऊन जाग्यावर. सांगून सांगून जीभ झिजली. पालथ्या घड्यावर पाणी.

"आई, हात लावू नकोस म्हटलं ना?"

"अगं, मोड आलेत त्यांना. शोभेला किती दिवस ठेवणार?"

मोड खरंच आले होते. बाईंनी निमूटपणे तेही रंगवले.

सुट्टी लागली तेव्हा चित्र पुरं करायचंच, असं त्यांनी ठरवलं. खोलीला त्या आतून कडी लावू लागल्या आणि बाहेर पडताना बाहेरून वरची, आईचा हात पोचणार नाही अशी. सुरुवातीला आई दार वाजवायची. "अगं, उघड ना, आवरायचंय मला." बाईंचं आतडं तुटायचं, पण एवढं एक चित्र होऊ दे, म्हणून मन घट्ट करायच्या. मग वाजवणं थांबलं. बाईंना हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज त्यांना पुढे जन्मभर पुरली.

चित्र झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हुबेहूब गं! कांदा सोलायला घ्यावासा वाटतो."

बाईंनी दार सताड उघडं टाकलं. आई दारावरून गेली, आत डोकावलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी मुद्दाम कांदे विखुरले, वाटी लवंडून ठेवली. संध्याकाळी पसारा होता तसाच. इतकी वर्षं मागितलेली शांतता मिळाली होती, आणि आता ती खायला उठली होती.

शेवटी त्या कांदे ओंजळीत घेऊन आईपुढे जमिनीवर बसल्या.

"आई, बघ किती पसारा झालाय. हे कुठे ठेवू, सांग ना गं."

आई सावरून बसली, परक्या माणसापुढे बसतात तशी. जरा संकोचून हसली.

"मी काय सांगणार? घर तुमचं आहे. तुम्ही ठेवाल तिथे."